मिटलेली मूठ

कात्रीमावशीचं मधलं बोट अडकलं तेव्हा कारखान्यात सगळ्यांना आधी हसूच आलं. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे छोट्या कात्रीने कापायचे, हे तिचं काम. दिवसभर तेच, वर्षानुवर्षं तेच. मग काय व्हायचं? सकाळी उठली की बोट तळहातात मिटलेलं. दुसऱ्या हाताने ओढलं की कट्‌कन उघडायचं आणि अशी कळ यायची की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. शेवटी सुपरवायझरच म्हणाला, "मावशी, हाडाच्या डॉक्टरकडे जा बघू. नाहीतर धाग्याऐवजी शर्टाची बाही कापाल." म्हणून ती गेली. स्वतःहून कसली जातेय! दुखणं अंगावर काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

घरी सांगायला तरी कोण होतं? नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली. फर्निचरला पॉलिश करायचा तो. जन्माचा बहिरा, म्हणून मुका, आणि शाळेचं तोंडही न पाहिलेला. पण मुका म्हणजे गप्प, असं समजू नका हां! दोघांनी मिळून हातांची एक भाषा केली होती. जगात ती फक्त त्या दोघांना यायची. तळहात आडवा पसरला की घर, गालाला लावला की झोप, दोन्ही तळहात एकमेकांवर घासले की शेजारीण पुन्हा साखर मागायला आली. आणि काय बडबड्या माणूस! जेवतानासुद्धा हात थांबायचे नाहीत. ही ओरडायची, "आधी गिळा, मग बोला!" त्याला ऐकू येत नाही हे माहीत असूनही तोंडाने ओरडायची.

शेवटच्या वर्षात मात्र तो बोलेनासा झाला. काही विचारलं तर मान हलवायचा, बस्स. खुर्चीत बसून राहायचा, दोन्ही हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. माझं काय चुकलं, म्हणून ती खनपटीलाच बसली. उत्तर नाही. त्याआधी ती भाचीच्या बाळंतपणाला जाऊन राहिली होती, तेच त्याला लागलं असणार, असं तिने मनाशी धरलं. मग एका संध्याकाळी तो उठून तिच्यापुढे आला. एक मूठ तिच्या तोंडासमोर धरली आणि दुसऱ्या हाताने त्या मुठीवर टकटक केलं. जन्मात कधी हात न उगारलेला माणूस! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मला मूठ दाखवता? बरं, बसा मग! तिनेही अबोला धरला. तोसुद्धा कसा, तर हात पुसायच्या फडक्यात दोन्ही हात गुंडाळून ती त्याच्यासमोर बसायची, मुद्दाम. तो त्या फडक्याकडे बघत राहायचा. असे किती दिवस गेले कोण जाणे, आणि एका सकाळी तो उठलाच नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट तिला आतून खात होती. चहा गाळताना, बसची वाट बघताना, शर्टामागून शर्ट उलटताना तेच डोक्यात. कसला राग धरून गेले हे? विचारायचं कोणाला? ज्याला माहीत होतं तो गेला, आणि ती भाषा समजणारं दुसरं कोणी नव्हतं.

दवाखान्यात बाकावर गर्दी होती. एकाचा खांदा आखडलेला, त्याला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते. एकीचं कोपर इतकं दुखत होतं की पिशवी उचलवत नव्हती. मावशीच्या शेजारी एक म्हातारे ड्रायव्हर बसले होते, हात मांडीवर आणि मूठ मिटलेली. तशीच मूठ, अगदी तशीच! तिला राहवलं नाही.

"एवढा राग कोणावर हो?" तिने विचारलं.

"राग?" ड्रायव्हर हसले. "अहो बाई, राग कसला! ही बोटं उघडतच नाहीत." आणि त्यांनी मूठ तिच्या तोंडासमोर धरली, दुसऱ्या हाताने मुठीवर टकटक केलं. "हे बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं. बायकोला असं दाखवलं, तर तिने लगेच इथे आणून बसवलं."

मावशीचा नंबर आला, तेव्हा हाक दोनदा मारावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी बोट उघडमीट करून पाहिलं. "एका इंजेक्शनने आठवड्याभरात सुटेल बहुतेक. पण काही दिवस ह्या हाताला आराम द्या."

"ते बाहेर ड्रायव्हर बसलेत," मावशी म्हणाली, "त्यांना काय झालंय?"

"ते वेगळं. तळहाताच्या कातडीखाली पट्टे आवळत जातात, बोटं हळूहळू आत वळतात. कधी दोन्ही हातांना होतं."

"दुखतं का हो त्यात?"

"सहसा नाही. म्हणून तर लोक उशिरा येतात. वस्तू धरता येते, काम चालतं. हात सपाट पसरता येत नाही, एवढंच."

"एवढंच," मावशी म्हणाली. इंजेक्शन घेताना ती हमसून हमसून रडली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, फार दुखलं. त्या म्हणत राहिल्या, "झालं हं, झालं."

घरी येऊन ती नवऱ्याच्या खुर्चीसमोर बसली. आराम द्या म्हणे हाताला! तिने तो उचलला आणि खुणांनी कारखान्यातलं सांगितलं, भाचीचं मूल आता बालवाडीत जातं ते सांगितलं. मग घर म्हणायला तळहात पसरायला गेली, तर मधलं बोट अडकलं. काही केल्या घर होईना. तिने तो अर्धवट मिटलेला हात स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि बराच वेळ बघितला.

राग नव्हताच. बघ, मला बोलता येत नाही, एवढंच तो सांगत होता. त्याची बोटं उघडत नव्हती. तिची तर तेव्हा चांगली उघडत होती, आणि ती तिने फडक्यात गुंडाळून ठेवली होती.