न घातलेला टाका

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी डोळ्यावरची पट्टी काढल्यावर गयाबाईंना समोर उभी असलेली नात दिसली. बोरी गावच्या या सत्तरीतल्या बाई. एक डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला, हा एवढाच उरलेला. "लय उपकार झाले साहेब," म्हणत त्या खाटेवरून उतरल्या आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. वाकू नका, हे मी बजावायला हवं होतं. पण खरं सांगतो, पाया पडून घ्यायची मला सवय लागली होती.

उठल्या त्या डोळा धरूनच. "कायतरी गरम पाणी यायलंय, साहेब."

टॉर्च मारला. बुबुळाचा काळा कोंब जखमेतून बाहेर आला होता.

नव्वद सालानंतरची गोष्ट. परभणीत तेव्हा मोतीबिंदू म्हटलं की मोठी चीर आणि टाके. मी नवी पद्धत शिकून आलो होतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत तिरका, छोटा बोगदा करायचा. तो पुरेसा लांब असला की डोळ्यातल्या दाबानं आतलं तोंड झडपेसारखं मिटतं, टाका लागत नाही. आखूड झाला तर झडप धरत नाही. म्हणून शेवटी जखम कोरडी करून हलकं दाबून बघायचं. ओल आली तर मुकाट्यानं टाका घालायचा.

आदल्या दिवशी ऑपरेशन संपताना गयाबाईंच्या जखमेला ओल आली होती. मी टिपली. पुन्हा आली. शेजारी आमचे मोठे सर उभे होते, आणि त्यांच्यापुढे मी बिनटाक्याच्या ऑपरेशनची भरपूर फुशारकी मारून ठेवली होती.

"टाका घालतोस का?" त्यांनी विचारलं.

"नको सर. बसलंय."

आता बाईंना परत थिएटरमध्ये न्यायची वेळ आली. स्ट्रेचरवरून त्याच माझी समजूत घालत होत्या. "माझंच चुकलं साहेब. सून म्हणली व्हती, लगेच हलू नगा. म्याच ऐकलं न्हाई."

मी नुसतं "हं" म्हणालो. त्या "हं"ची मला आजही लाज वाटते.

बुबुळ आत सारलं, टाके घातले. सुई सरांनी स्वतः माझ्या हातात दिली. डोळा वाचला. बाहुली वाकडी झाली, नजर थोडी अधू राहिली, पण नात ओळखू यायची.

पुढे बोरीचे पेशंट येत राहिले. ऑपरेशननंतर लांबूनच, ताठ उभं राहून हात जोडायचे. शेवटी एका म्हाताऱ्याला मी कारण विचारलं.

"गयाबाईनं सांगितलंय, पाया पडू नगा म्हणून. ती वाकली अन् डोळ्याची जखम उघडली म्हणं."

"वाकल्यामुळं नाही हो. माझा बोगदा आखूड झाला होता. टाका घालायला हवा होता, मी घातला नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "केवढं मोठं मन हाय साहेब तुमचं! म्हातारीची चूक सोत्ताच्या अंगावर घ्यायलाव." आणि न राहवून तो माझ्या पायांशी वाकलाच.

मी त्याला खांद्याला धरून सरळ केलं. त्याच्या डोळ्याला मी टाका घातला होता. शंका आली की घालायचाच. फार वेळ लागत नाही.