मामीच्या हातातला दुसरा फ्लॅश

आमच्या कुरुंद्याच्या मामांइतका उजेडाच्या बाबतीत चोखंदळ माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नाही. रिळाच्या जमान्यात मामा लग्नांचे फोटो काढायचे. बाकीचे फोटोग्राफर एका फ्लॅशवर भागवत; मामांना दोन लागत. एक कॅमेऱ्यावर, दुसरा लांब, मामीच्या हातात. या दुसऱ्याला ना वायर, ना बटण दाबायची गरज. पहिला चमकला की दुसऱ्याच्या अंगावरच्या इवल्याशा डोळ्याला ते दिसायचं आणि त्याच क्षणी हाही चमकायचा. "एका फ्लॅशनं माणूस भित्तीला चिकटतो," मामा सांगायचे, "दुसरा बाजूनं टाकला की सुटा होऊन असा पुढं येतो बघ!" हे ते जेवतानाही समजावत, हातातल्या भाकरीलाच नवरी करून. भाकरी गार व्हायची, पण नवरी सुटी झाल्याशिवाय घास तोंडात जात नसे.

लग्नात मामी मांडवाच्या कडेला खुर्चीवर चढून, फ्लॅश उंच धरून उभी राहायची. मामा तिच्याशी तोंडानं बोलत नसत, भुवयांनी बोलत. डावी भुवई उडाली की फ्लॅश वर, दोन्ही आवळल्या की मागं. पाहुण्यांना वाटायचं, या माणसाला काहीतरी चावतंय. माझ्या मावसभावाच्या लग्नात वधूवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे, समोर भंतेजी, मामा नेम धरून बसलेले, आणि ऐन फुलं उधळायच्या वेळी पुण्याच्या एका पाहुण्यानं आपला छोटा कॅमेरा चमकवला. झालं! मामीच्या हातातला फ्लॅश त्यालाच ओ देऊन मोकळा. तो पुन्हा भरेपर्यंत फुलं खाली पडलेली. मामांनी तडक माईक हातात घेतला. "ज्याच्याजवळ क्यामेरा हाय त्यानं खिशात ठेवा! आमचा फ्लॅश कोणाच्या बी हाकेला धावून राहिला!" खुर्चीवरून मामी म्हणाली, "भोळा हाय तो. तुमच्यावर गेलाय." सगळा मांडव हसला. मामा तेवढे हसले नाहीत.

एवढ्या जगाचे फोटो काढले, पण मामीचा एक धड फोटो नव्हता. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर आलाच नव्हता. मतदान कार्डावर एक होता, त्यात मामीला मामीच ओळखू येत नसे. "मामा, काढा की मामीचा!" म्हटलं की मामा म्हणायचे, "एका फ्लॅशमधी? न्हाई. तिचा काढायचा तर बराबर दोन्हीवर काढायचा." आणि मामी म्हणायची, "मी तिकडं बसले तर ह्यो कोण धरल?" आम्ही धरतो म्हटलं तर मामांना ते पसंत नसे. "तुमाला माझ्या भुवया कळत न्हाईत." काढू सवडीनं, काढू सवडीनं, असं करत वर्षं गेली.

एकाच फोटोत ती आली, तीही चुकून. एका लग्नात रुखवताचा फोटो काढताना स्टीलची कळशी खाली मांडली होती, म्हणून मामीनं फ्लॅश नेहमीसारखा उंच न धरता तोंडापुढं धरला होता. फोटो धुऊन आला तर कळशीच्या चकचकीत पोटात बोटभर मामी उभी! मामा कातावले, "नासला की फोटो! कळशीत काहून शिरलीस?" "राहू द्या वो," मामी म्हणाली, "तेवढीच मी कुठं तरी दिसून राहिले."

मग तापाचं निमित्त झालं आणि मामी गेली. सवड काही आली नाही.

मामीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. कार्डावरचाच मोठा करू, असं सगळे म्हणाले.  मामांनी खोक्यातून कळशीची निगेटिव्ह हुडकली आणि वसमतला जाऊन तेवढीच मामी मोठी करून आणली. फोटोत हिरव्या बांगड्यांचा हात होता, लुगड्याचा काठ होता; चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता फ्लॅशचा पांढरा झोत.

"दादा, वहिनीचं तोंड कुठं हाय ह्याच्यात?" आईनं रडत विचारलं.

मामा हार सारखा करत होते. "मला बी तिकडून अशीच दिसायची, बाई," ते म्हणाले.

त्यानंतर मामा एकाच फ्लॅशवर लग्नं करू लागले. त्या फोटोंत माणसं भिंतीला चिकटलेली असत, आणि आश्चर्य म्हणजे कुणी तक्रार करत नसे. मला मामीची फार आठवण येते, सगळ्यात जास्त लग्नाच्या मांडवात. मामा कॅमेरा डोळ्याला लावायचे, नवरानवरी श्वास रोखून उभी राहायची, आणि मामांची डावी भुवई सवयीनं वर जायची. मग ते तसेच थांबायचे, मांडवाच्या त्या कडेला कुणीतरी हात उंच करील म्हणून.