सूचक म्हणून माझं नाव

"तू हितं बसू नको. बाहेर बस. सहीला बोलावतो."

नगरपालिकेच्या सभेच्या खोलीत मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. बोलणारे पालिकेचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. मी मेंबर म्हणून निवडून आले होते आणि ती माझी पहिली सभा होती. धुतलेलं लुगडं नेसून, पायरीवर पाय पुसून मी आत गेले होते. भिंतीकडेच्या खुर्चीवर टेकले होते. पुरती बसलेही नव्हते. शेजारच्या मेंबरानं आपली खुर्ची वीतभर पलीकडं ओढली. मग अण्णा बोलले.

मी उठले. कुणी धरून उठवलं नाही. मीच उठले. हे सांगताना आजही माझाच मला राग येतो.

व्हरांड्यात खिडकीखाली बसले. आत चहा गेला. बशांचा आवाज आला. बोलणं तुकड्यातुकड्यानं ऐकू यायचं. बाजारतळावरचे दिवे. तुंबलेलं गटार. कुठल्या चौकाला कुणाचं नाव द्यायचं. मला वाटत होतं, आता बोलावतील. मग मला वाटलं, आपल्या नळाचा विषय निघाला की नक्की बोलावतील.

तासाभरानं शिपाई बाहेर आला. त्यानं ती मोठी वही, तिला प्रोसिडिंग बुक म्हणतात, फरशीवर ठेवली. वर पेन ठेवलं. दोन पावलं मागं सरला आणि लांबूनच बोट दाखवलं. मी सही केली. वही उचलून त्याच्याकडं धरली. त्यानं हात पुढं केला नाही.

"ठेव खाली," म्हणाला.

मी ठेवली. मग त्यानं उचलली.

सभा झाली होती.

मी मेंबर कशी झाले तेही सांगते. आमचं गाव प्रवरेच्या कालव्यावरचं. चारी बाजूला ऊस. आमचा मांगवाडा गावाच्या पूर्वेला, मारुतीच्या देवळाच्या पुढं. आम्ही दोर वळायचो, केरसुण्या बांधायचो, बाकी दिवस दुसऱ्याच्या रानात. माझा नवरा अण्णांची उसाची बैलगाडी हाकायचा. पालिकेत एक राखीव जागा होती आणि तिला बाई हवी होती. अण्णांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुझी बायकू सही करती ना? मग तिचा फॉर्म भर." मला कुणी विचारलं नाही. मी चौथी झालेली. वाड्यातल्या बायकांत तेवढं शिकलेली मी एकटीच.

तरी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. निकालाच्या दिवशी वाड्यात हलगी वाजली. सखूआत्यानं, म्हणजे माझ्या सासऱ्याच्या बहिणीनं, माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाली, आता नळ येतोय. पालिकेचा नळ मारुतीच्या देवळापाशी येऊन थांबला होता. तिथून आमचा वाडा शंभर पावलं. त्या नळाला आम्ही हात लावायचा नाही, कुणी तरी वरून ओतायचं आणि आम्ही हंडा धरायचा. नाहीतर वाड्याखालच्या ओढ्याकाठची जुनी विहीर. तीच आमची.

नळाचा अर्ज मीच लिहिला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा नीट लिहिला. अण्णांच्या घरी नेऊन दिला. बघू, म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा दिला. बघू.

पहिल्या सभेनंतर मला सभेला बोलावणंच बंद झालं. सभा होऊन गेली की शिपाई वही घेऊन वाड्याच्या तोंडाशी यायचा. आत यायचा नाही. हाक मारायचा, "मेंबरीनबाई." त्या हाकेत हसू असायचं. मी हातातली केरसुणी टाकून जायची. एकदा मी पान उलटून वाचायला लागले तर म्हणाला, "वाचून काय करती? मला अजून चार घरं फिरायची हायेत."

मी पान मिटलं. सही केली. अशा दोन वर्षं सह्या केल्या. ती चूक माझी. ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ओढा कधीच आटला होता. विहिरीत तळाला पाणी उरलं होतं, दोर संपेपर्यंत पोहरा खाली जायचा. मी मेंबर असून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. सरकार वाटत असलेल्या सुकडीच्या रांगेत उभी राहत होते. आणि त्याच दिवसांत एका सकाळी पालिकेच्या गाड्या आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या गावाचा केर. मैला. मेलेली कुत्री. गाडीवान म्हणाला, खत डेपो इथं हलवलाय, आता रोज येणार.

आठ दिवसांत विहिरीच्या पाण्याला वास मारायला लागला. पोरांना हगवण लागली. सखूआत्याची नात त्यात गेली. दीड वर्षाची होती.

बायका माझ्या दारात आल्या. सखूआत्या पुढं होती. मी म्हणाले, चला पालिकेत, जाब विचारू. सहा जणी निघालो. मला खात्री होती की आपण भांडायला चाललोय.

हेडक्लार्क टेबलामागं बसले होते. पांढरे कपडे, मऊ बोलणं. त्यांनी आम्हाला हाकललं नाही. उलट हसले. प्रोसिडिंग बुक काढलं, पान उघडलं आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं वाचलं. शहराच्या आरोग्याच्या दृष्टीनं खत डेपो मांगवाड्यालगतच्या पडीक जागेवर हलवण्यात यावा. सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून माझं नाव. नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव. खाली माझी सही.

"अहो बाई, ठराव तुम्हीच मांडलात," ते म्हणाले, "आणि तक्रार घेऊनही तुम्हीच आलात?"

मागच्या टेबलावरचे दोघं हसले.

मी बायकांकडं वळले. मला सांगायचं होतं की मी मांडला नाही, मी तिथं नव्हतेच. पण सखूआत्या माझ्याकडं बघत होती. त्या म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं एवढंच ऐकलं होतं की नात जिच्यामुळं गेली तिचं नाव वहीत आहे.

"तूच आनलीस व्हय ती गाडी," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. आणि बाहेर निघून गेली. बाकीच्या तिच्यामागं गेल्या.

अण्णांनी मला खोलीतून उठवलं तेव्हा मी घरी येऊन भाकरी थापल्या होत्या. त्या दिवशी चूल पेटवली नाही. शाळेत मास्तरांनी शिकवलेली चार अक्षरं मी कुणाच्या उपयोगाला लावली, हेच डोक्यात फिरत राहिलं. अडाणी असते तर न वाचता अंगठा लावला असं तरी म्हटलं असतं. मला वाचता येत होतं. मी वाचलं नव्हतं.

पुढच्या सभेची तारीख पालिकेच्या फळ्यावर लिहिलेली असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता रोज जाऊन फळा बघायला लागले. पहिला विषय होता, मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करणे. म्हणजे अजून ते कायम व्हायचं होतं.

सभेच्या दिवशी खडीच्या कामावर गेले नाही. सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. भिंतीकडेला नाही, टेबलाला लागून. मेंबर आले तसे दारात अडखळत होते. अण्णा आले. माझ्याकडं न बघता शिपायाला म्हणाले की बाईला बाहेर बसव. शिपाई माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मला उठवायचं तर हात लावावा लागला असता. मी त्याच्याकडं बघत बसून राहिले. तो परत गेला.

हेडक्लार्कनं भराभर वाचायला सुरुवात केली. खत डेपोच्या ठरावावर आल्यावर मी उभी राहिले. टेबल धरलं.

"ह्यो ठराव मी मांडला न्हाई. मी सभेला नव्हते. माझं नाव काढा."

"सही तुझी हाय का न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"सही माझी हाय. ठराव तुमचा हाय."

अण्णा खुर्चीत पुढं सरकले.

"तुला मेंबर कुनी केलं, इसरलीस का?"

"इसरले न्हाई. म्हनून दोन वरसं गप हुते."

मुख्याधिकारी नवीन बदलून आलेले, तरुण होते. ते माझ्या बाजूचे नव्हते. पण कायद्याला भीत होते. खाली मान घालून म्हणाले की सदस्यांची हरकत असेल तर नोंदवावी लागेल. हेडक्लार्कनं चार शब्द लिहिले आणि वही मिटायला लागले. मी म्हणाले, दाखवा. त्यांनी माझं नाव लिहून पुढं 'तटस्थ' लिहिलं होतं.

मी तो शब्द मोठ्यानं वाचला. म्हणाले, खोडा. विरोध लिहा. आणि सूचकातलं नाव आधी खोडा. त्यांनी अण्णांकडं बघितलं, मुख्याधिकाऱ्यांकडं बघितलं आणि खोडलं. सूचकाच्या जागी दुसऱ्या मेंबराचं नाव घातलं. मग मतं झाली. बाकी सगळे एका बाजूला, मी एकटी. ठराव कायम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या आल्या, रोजच्यासारख्या.

चार दिवसांनी नवऱ्याचं काम गेलं. तो रागीट माणूस नव्हता. म्हणाला, "तू मेंबर झालीस तवाबी मी बोललो न्हाई, आताबी बोलत न्हाई. पोरांना काय घालायचं ते मात्र तू सांग." तोही खडीवर यायला लागला.

मग अण्णांचा निरोप आला. तोच शिपाई घेऊन आला, आणि या वेळी वाड्याच्या आत, माझ्या दारापर्यंत आला. विरोध मागं घ्यायचा म्हणजे वहीत पुन्हा 'सर्वानुमते' लिहिता येईल, डेपो आहे तिथं राहील, आणि आठ दिवसांत वाड्यात नळ येईल.

दुपारी लिंबाखाली सगळा वाडा जमला. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. लपवला असता तर पुन्हा तेच झालं असतं. निम्म्याहून जास्त माणसं म्हणाली, घेऊ या नळ. मी म्हणाले, नळ आपल्या हक्काचा आहे, तो ह्या घाणीच्या बदल्यात घेतला की ही घाण कायमची आपली. उद्या आणखी काही आणून टाकतील आणि त्याच्या बदल्यात रस्त्यावर एक दिवा देतील.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा सखूआत्या माझ्याशी बोलली.

"माज्या डोक्यावर हंडा हाय. तुज्या डोक्यात कायदा हाय. तुजं हलकं हाय, पोरी."

ती खोटं बोलत नव्हती. पण मी निरोप परत पाठवला, विरोध मागं घेणार नाही म्हणून. नळ आला नाही. कित्येक घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नगरला एसटीनं जाऊन कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. पोच मिळाली. पुढं काही नाही.

उरलेल्या मुदतीत मी एकही सभा सोडली नाही. प्रत्येक सभेत डेपो आणि नळ काढला. प्रत्येक वेळी हरले. मी बोलायला उठले की मेंबर आपापसात गप्पा मारत. कुणी जांभई देत. अण्णा म्हणत, झालं का बाई, पुढं चला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता निवडणूक परत आली आहे. अण्णांनी आमच्याच वाड्यातली दुसरी बाई शोधली आहे. तिसरी शिकलेली, गरीब, ऐकणारी. मी काल तिच्या घरी गेले. ती घाबरली. मी तिला सांगितलं, मी तुझ्याविरुद्ध उभी राहणार, राग धरू नको. तू निवडून आलीस तर तुझ्याकडं येणारं प्रत्येक पान मला दाखव, आपण दोघी मिळून वाचू. दाखवलं नाहीस तर मी पालिकेत जाऊन नक्कल मागीन. नक्कल दिली नाही तर दारात बसून राहीन.

जिंकेन असं मला वाटत नाही. वाड्याचीच सगळी मतं मला पडणार नाहीत. तरी फॉर्म भरलाय, आणि या वेळी तो मीच लिहिलाय. मेंबर असो नसो, तो डेपो विहिरीवरून उठेपर्यंत यांना सुखानं एक ठराव करू देणार नाही.