बाटलीवरचा दोरा

खाप्याच्या चंद्रभानचा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांचं भाग्य. दिवाळी सरली की गावोगावी मंडईची जत्रा भरायची. भर दुपारी मोकळ्या रानात माणसांचं रिंगण धरलं जायचं आणि मधे शाहीर नत्थूजी डफ घेऊन उभे राहायचे. डफावर पहिली थाप पडली की गर्दी दुभंगायची आणि एक बाई आत यायची. अंगावर हिरवं लुगडं, कमरेपर्यंत केस, पदर पार डोळ्यांवर ओढलेला. ती रिंगणाच्या मधोमध थांबायची, एका बोटानं पदर उचलायची आणि हसायची. एवढंच. पण त्या हसण्यासाठी लोक सावनेर-काटोलकडून बैलगाड्या जुंपून येत.

ती बाई म्हणजे चंद्रभान. घरी मागावर लुगडी विणणारा कोष्टी, चार महिने नत्थूजींच्या खडी गंमतीतला नाच्या. या खेळात बाईचं काम पुरुषानंच करायचं असतं. त्यासाठी चंद्रभाननं केस राखले होते. बायको भागीरथा रविवारी त्याला रिठ्यानं न्हाऊ घालायची आणि म्हणायची, "अजी, माह्यापरीस तुमचीच वेणी जाड हाय. लोकं मलेच तुमची मोलकरीण समजतीन."

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. डाव्या बाजूला उभ्या नत्थूजींचा डफ त्याला ऐकू येईनासा झाला. आधी वाटलं, मळ असेल. कोमट तेल टाकून झालं, कापूस घालून झाला. मग तो गुपचूप जागा बदलून नत्थूजींच्या दुसऱ्या बाजूला उभा राहू लागला. पुढच्या हंगामात पाय लटपटायला लागले. गिरकी घेतली की जमीन त्याच्यासोबत फिरायची, तो थांबला तरी ती थांबायची नाही. एका मंडईत तर तो गिरकीतून थेट पुढच्या रांगेतल्या पाटलाच्या मांडीवर जाऊन पडला.

लोक खदाखदा हसले. खेळ संपल्यावर नत्थूजींनी लोकांसमोरच त्याच्या थोबाडीत मारली आणि मानगूट धरली.

"चंद्र्या, पेऊन आला का गा?"

चंद्रभान ओशाळं हसून म्हणाला, "थोडीशीच, शाहीर."

त्या दोन शब्दांनी त्याचं वाटोळं केलं. पण ते शब्द उगाच आले नव्हते. त्याच्या आधी या संचात जयवंता नावाचा नाच्या होता. देखणा, गोड गळ्याचा. तो खोकू लागला. लोकांनी एक मंडई वाट पाहिली, दुसऱ्या मंडईला त्याची घुंगरं काढून चंद्रभानच्या पायात बांधली. त्यात कुणाला अन्याय वाटला नाही. आजारी नाच्याचं हसू लोकांना बघवत नाही. पिणाऱ्याचं मात्र चालतं. पिणारा आज पडतो, उद्या उतरली की नाचतो. त्याला शिव्या देतात, थोबाडीत मारतात आणि पुन्हा लुगडं नेसवून उभा करतात.

म्हणून चंद्रभाननं मोहाच्या दारूची एक बाटली आणली आणि मागाच्या खोलीत फळीवर ठेवली. खेळाला निघताना तो एक घोट तोंडात घ्यायचा, खळखळून चूळ थुंकायचा, दोन थेंब मानेला लावायचा. पोटात थेंबही जाऊ द्यायचा नाही. त्याला वासच सहन होत नव्हता. तो माळकरी बापाचा पोरगा.

आणि सोंग असं वठलं म्हणता! आयुष्यात त्यानं केलेल्या साऱ्या भूमिकांत हीच सगळ्यांत खरी ठरली. झोकांडी तर त्याला शिकावी लागलीच नाही. सकाळी डोकं ठणकायचं, ओकाऱ्या व्हायच्या. शेजारी म्हणायचे, रात्रीची उतरली नाही. गालाला बधिरपणा आला, जेवताना घास गालात राहू लागला. ते म्हणायचे, दारूनं तोंड सडलं. भागीरथेनं भांडून पाहिलं, उपास धरले, दारू सुटण्यासाठी कुणाकडून तरी आणलेली मुळी ताकातून पाजली. तो मुकाट प्यायला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नत्थूजीच त्याला नागपुरात एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. शाहीर तापट, पण मायेचा माणूस. सोबत ते होते म्हणून चंद्रभाननं त्या दिवशीही बस धरण्याआधी चूळ भरली. डॉक्टरांनी तपासायला मान वाकवली आणि लगेच मागे घेतली.

"रोज घेतो?"

कान ऐकत नाही, हे सांगायचं होतं. गाल मेल्यासारखा लागतो, सरळ रेघेवर चालता येत नाही, हेही सांगायचं होतं. पण शेजारी नत्थूजी उभे होते.

"सोडतो, साहेब," चंद्रभान म्हणाला.

डॉक्टरांनी कागदावर दारू लिहिली, ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्याला हाक मारली. परत येताना बसमध्ये नत्थूजींनी त्याच्या मांडीवर थाप मारली. "मले त भेव वाटे गा, काही रोगच हाय का काय. दारू त काय, सुटते." चंद्रभाननं खिडकीकडे तोंड फिरवलं.

आणखी तीन वर्षं गेली.

मग भागीरथेच्या ध्यानात एक गोष्ट आली. मागावर बसलेला नवरा एक धागा ओढायला हात टाकायचा आणि हात बोटभर बाजूला पडायचा. विचारलं तर म्हणाला, "दोन दिसतात." एवढी चढते म्हणजे पितो तरी किती, हे बघावं म्हणून तिनं विणकराच्या बायकोला सुचेल तेच केलं. लाल सुताचा एक दोरा घेतला आणि बाटलीत दारू जिथवर होती, तिथे बाहेरून गाठ मारली.

आठ दिवसांनी पाहिलं, दारू दोऱ्याजवळच होती. पंधरा दिवसांनी जेमतेम नखभर उतरली होती. त्या पंधरा दिवसांत चंद्रभान चार वेळा पडला होता, एकदा तर विहिरीच्या काठावर.

ती बाटली घेऊन त्याच्यासमोर बसली.

"अजी, हे काय हाय?"

"दारू."

"ते मलेबी दिसते. तुमी पेत नाही."

"पेतो."

"माह्या गळ्याची शपथ घ्या."

त्यानं शपथ घेतली नाही. लहान मुलासारखं तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि सगळं सांगितलं, कानापासून. ऐकता ऐकता तिचा हात त्याच्या केसांतून फिरत होता. मधेच हात थांबला. "चार वर्षं मी तुमाले दारुडा म्हणून राह्यली," ती म्हणाली. "मले तरी सांगाचं होतं."

"तुले सांगतलं असतं तं तू मले नाचू देल्लं असतं काय वं?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला घेऊन नागपूरची बस धरली.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मेंदूचे एक सर्जन होते. कमी बोलणारे, थकलेल्या डोळ्यांचे. या खेपेला चंद्रभानच्या तोंडाला वास नव्हता आणि बोलत भागीरथा होती. कानाशी लोखंडी चिमटा वाजवून पाहिला, गालावर कापूस फिरवला, डोळ्यांत उजेड टाकला. भरती करून डोक्याचे निरनिराळे फोटो काढले. आठवड्यानं सर्जननी दोघांना समोर बसवलं.

"कानाच्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही, पण मोठी झाली आहे. मेंदू दाबते आहे. ठेवली तर वर्षभरात आधी दृष्टी जाईल, मग जीव."

"अन् काढली तं?" भागीरथेनं विचारलं.

"खोटं सांगणार नाही. एवढ्या मोठ्या गाठीचे दहा रोगी घेतले तर दोन-तीन वाचत नाहीत. वाचले त्यांचा तो कान जातो, तो तर गेलाच आहे. आणि चेहऱ्याची नस या गाठीवर ताणलेली असते." त्यांनी चंद्रभानकडे पाहिलं. "तुम्ही विणकर ना? भिजलेलं सूत खूप ताणलं की कसं होतं, तसं. हात लावला की तुटतं. डावा चेहरा हलणार नाही. डोळा मिटणार नाही."

"हसणं?" चंद्रभाननं विचारलं.

"अर्धं."

मग चंद्रभान म्हणाला, "पयले आलो असतो तं?"

सर्जननी पेनचं टोपण लावलं. "गाठ लहान असती तर धोका कमी असता. नस वाचली असती असं छातीवर हात ठेवून नाही सांगत. पण आशा असती."

बाहेर व्हरांड्यात चंद्रभान भिंतीला टेकून खाली बसला. "तोंडच गेलं तं मी काय राह्यलो वं?"

"माह्या घरातले माणूस राह्यले," भागीरथा म्हणाली. "चाला उठा, कागदावर आंगठा द्याचा हाय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न्हावी आला. कमरेपर्यंतचे केस कात्रीखाली गेले, मग वस्तरा फिरला. भागीरथेनं ते केस लुगड्याच्या फडक्यात बांधून घेतले. सकाळी आठला त्याला आत नेलं, संध्याकाळी चारला दार उघडलं. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. जीव वाचला होता. गाठीचा एक पापुद्रा मेंदूच्या देठाला चिकटला होता, तो त्यांनी तसाच ठेवला. नस वाचली नव्हती.

शुद्धीवर आल्यावर चंद्रभाननं आरसा मागितला नाही. उजव्या हातानं चेहरा चाचपला, नटाला अंधारातही आपला रंग कळतो तसा, आणि हात खाली ठेवला. उघड्या राहणाऱ्या डोळ्याच्या पापण्या पुढे अर्ध्या शिवाव्या लागल्या. दीड महिन्यानं तो घरी आला. डोकेदुखी गेली होती, ओकाऱ्या गेल्या होत्या. चाल मात्र डगमगतीच राहिली.

त्या साली खाप्यात मंडई भरली तेव्हा नत्थूजी घरी आले. त्यांना सगळं कळलं होतं. म्हातारा उंबऱ्यात उभाच राहिला. "मी तुले थोबाडीत मारलं होतं, चंद्र्या. लोकाईच्या म्होरं. आज लोकाईच्या म्होरंच तुयी माफी मांगतो. चाल."

"राहू द्या, शाहीर."

"राहू कसा दिऊ गा? साऱ्या मुलखात तुले दारुडा मीच केलं."

चंद्रभान जायला तयार झाला. माफीसाठी नाही. एकदा, फक्त एकदा, त्या रिंगणात उभं राहून खरं बोलायचं होतं. भागीरथेनं त्याला धुतलेलं धोतर दिलं आणि हाताला धरून नेलं.

नत्थूजींनी डफावर थाप मारली. गर्दी दुभंगली. चंद्रभान आत निघाला, एक पाऊल इकडे, एक तिकडे, वाकडं तोंड, एक डोळा अर्धा शिवलेला. रिंगणाच्या मधोमध तो सवयीनं थांबला. काठाकाठानं हसू फुटायला लागलं होतं. दुरून आलेल्या लोकांना काय ठाऊक! त्यांना वाटलं, खेळ सुरू झाला.

"मंडळी," तो म्हणाला. अर्ध्या ओठांतून शब्द ओघळल्यासारखे आले. "मी कधी प्यालो नाही."

हास्याचा कल्लोळ उसळला. झोकांड्या खात येऊन असं म्हणणारा दारुडा प्रत्येक गंमतीत असतो, आणि लोक त्याच्यावर हमखास हसतात.

"खरं सांगतो. एक थेंबबी नाही!"

"अरे, धरा त्याले, पडीन!" कुणीतरी ओरडलं. बायांनी पदर तोंडात कोंबले. म्हातारे डोळे पुसू लागले. नत्थूजी हात वर करून "आयका, आयका" म्हणत होते, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि लोक त्यांच्या त्या रडण्यालाही टाळ्या देत होते.

चंद्रभाननं चहूकडे पाहिलं. एवढं हसू त्याला कधी मिळालं नव्हतं. तो जुना नट. हसणाऱ्या माणसांवर चिडणं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कंबरेत वाकून चारी दिशांना नमस्कार केला, भागीरथेकडे हात पुढे केला आणि रिंगणाबाहेर आला.

घरी आल्यावर तिनं त्याला खाटेवर बसवलं आणि न मिटणाऱ्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकला. पाणी फक्त दुसऱ्या डोळ्यातून येत होतं, ते तिनं पदरानं टिपलं.

"भागीरथे," तो म्हणाला, "लोकं केवढ्यांदा हासले वं? मले एकाच कानानं आयकू आलं."

"लय मोठ्यांदा," ती म्हणाली, आणि डोळ्यावर कापूस ठेवून पट्टी बांधू लागली.