अंजिराच्या पानावरची कोळीकीड

स्पिरिटचा वास आला की गंगापूरच्या त्या चाचींचं अंगण आठवतं. पानांवरच्या कोळीकिडीवर मी पीएच.डी. करत होते आणि त्यांच्या अंजिराची पानं तपासत होते. नेहमीची लाल कीड मिळाली म्हणून निघाले, तर चाची म्हणाल्या, "ती नाय बेटा, ही बघ. ही हिरवट हाय, अन् पानाच्या शिरेलाच जाळं करती." त्यांचं मन राखायला म्हणून ते पान मी स्पिरिटच्या बाटलीत टाकलं. विद्यापीठात सूक्ष्मदर्शकाखाली ती कीड आधीच्या कुठल्याच वर्णनाशी जुळेना. ती नवी प्रजाती निघाली. शोधनिबंधात मात्र ती शोधणारी म्हणून मी फक्त माझं नाव लिहिलं. निबंध छापून आल्यावर पेढे घेऊन गेले. चाचींनी ओले हात ओढणीला पुसले, कागद घेतला, इंग्रजी अक्षरं न्याहाळली आणि हळूच विचारलं, "ह्याच्यात माझं नाव कुठं हाय?" मी एका ओळीवर बोट ठेवलं. ती माझ्याच नावाची ओळ होती. "लई बारीक लिवलंय," म्हणत त्यांनी ती ओळ शेजारणीला दाखवली. आज मी विद्यार्थ्यांना नमुना देणाऱ्याचं नाव आधी लिहायला लावते. चाचींना खरं सांगायला अजून गेलेले नाही.