मागचं पाणी बंद झालं

पुलावर अजून गुडघाभर पाणी होतं, म्हणून लेकीला मेहकरला परीक्षेला न्यायला मी धरणाच्या पाण्यातून नावेनं निघाले. सरकारी भरतीची लेखी परीक्षा होती, आणि वयात बसणारी तिची ही शेवटची संधी. साडेनऊला फाटक बंद होणार होतं. आम्ही निघालो तेव्हा आठ वाजले होते.

नाव मासेमारीची, नावाडी आमच्याच गावचा. मी नदीची ओटी भरायला घेतली तसं तो म्हणाला, "वहिनी, काठावरच सोडा." पण मला कोणी शिकवलेलं खपत नाही. नाव सुरू झाल्यावर, चांगलं हलतं पाणी बघून, मी कडेनं खण-नारळ सोडले आणि लेकीसाठी हात जोडले.

मधोमध आलो आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघायला लागली. रबर जळाल्याचा वास आला. नावाड्यानं मागे वाकून पाहिलं आणि इंजिनच बंद केलं.

"मागचं पाणी बंद झालं, वहिनी. इंजिन तापलं."

हे इंजिन खालून धरणाचं पाणी ओढतं, त्यानं थंड होतं आणि तेच पाणी मागच्या नळीतून बाहेर टाकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"मंग ओता ना त्याच्यावर बादलीभर!"

"तडकते ना ते. जरा थंड होऊ द्या."

त्यानं पाणी ओढणाऱ्या पंपाचा पट्टा दाबून पाहिला. पंपाचं झाकण खोललं. आतला रबरी पंखा धड होता. मागची नळी काढून फुंकली, हवा आरपार गेली. दर वेळी तो "हे तं बरोबर हाय" म्हणे. इंजिनची देखभाल करता येत नाही का, म्हणून मी त्याच्यावर खेकसत होते. लेक मात्र नुसती घड्याळाकडे बघत होती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"खालून पाणीच येऊन नाही राह्यलं," तो शेवटी म्हणाला. "खालच्या तोंडावर काही तरी बसलं."

मला ओटी आठवली. नारळ मागे तरंगताना मी पाहिला होता, खण पाहिला नव्हता. सांगू की नको, यात मी लेकीची चार-पाच मिनिटं घालवली. त्याची लाज मला अजून वाटते.

"भाऊ, माहा खण असन," मी म्हणाले.

तो लगेच पाण्यात उतरला, नावेखाली हात घातला आणि हिरवा खण ओढून काढला. इंजिन सुरू झालं, मागच्या नळीतून धार पडली आणि मला रडू फुटलं.

केंद्रावर पोचलो तेव्हा शिपाई फाटक लोटतच होता. मी घाईघाईनं पिशवीतून अंगाऱ्याची पुडी काढली. लेकीनं माझा हात धरला.

"आई, आता माह्यासाठी काहीच करू नोको."

आणि ती आत पळाली. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले, दोन तास. देवाचं नाव ओठांवर आलं, तेही गिळलं.