डावीकडची चौथी रांग

ट्रॅव्हल एजन्सीच्या त्या चिंचोळ्या ऑफिसात बाकीचे लोक तिकिटं काढून देत, हा माणूस खिडकी काढून देई. म्हणून नावच पडलं खिडकीवाले. जाताना डोंगर डावीकडे, येताना उजवीकडे. पंखाच्या पुढची रांग धरा, पंखावर बसलात तर नुसता पत्रा दिसेल. सकाळी उन्हाची बाजू टाळा. सव्वीस वर्षं फोनवर हेच दळण. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा, मान आखडायची. स्वतः मात्र ते एकदाही विमानात बसले नव्हते, आणि तसं कोणी विचारलंही नव्हतं.

मग बायकोच्या डोळ्यांनी दगा दिला. उजवा गेलाच होता, डावाही मंदावत चालला. दूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. नजर राहील की जाईल, हे डॉक्टरांनाही आधी सांगता येईना. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, जाताना तेवढे तुमचे बर्फाचे डोंगर दाखवा. येताना काय, पट्टीच असेल."

तपासण्या, रिपोर्ट, दवाखान्यातले बाक, यांत महिना गेला. माणूस पार पिळून निघाला. तिकिटं काढली त्याच दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाला त्याच विमानाची दोन तिकिटं हवी होती. हात सवयीने चालला. डावीकडची चौथी रांग गिऱ्हाइकाला, उरलीसुरली जागा घरच्यांना. विमानतळावर बोर्डिंग पास हातात पडला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दोघं उजवीकडे, अकराव्या रांगेत, ऐन पंखावर. विमान गच्च भरलेलं. खिडकीवाल्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

बायकोला सांगायचं धाडस होईना. विमान उडाल्यापासून ती काचेला नाक लावून बसली होती.

"अहो, काही दिसत नाहीये. माझाच डोळा का?"

"नाही गं. दिसतील."

चाळिसाव्या मिनिटाला डोंगर सुरू होतात, हे त्यांना पाठ होतं. विमान उडून पस्तीस मिनिटं झाली होती.

ते उठले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जागा मागितल्या, स्वतःसाठी कधी नाही.  चौथ्या रांगेत गिऱ्हाईक खिडकीचं शटर ओढून चक्क घोरत होतं. त्यांनी खांद्याला हात लावला.

"साहेब, जरा... माझ्या बायकोचे डोळे जाताहेत हो. तिला डोंगर बघायचेत."

तो दचकून जागा झाला. आवाज ओळखीचा होता, चेहरा नव्हता.

"खिडकीवाले का? अहो, मग आणा की वहिनींना! मला खिडकी लागते ती डोकं टेकायला."

शेजारी बसलेल्या आपल्या बायकोलाही उठवून तो मागे गेला. हे दोघं पुढे येऊन बसले. शटर वर केलं. बाहेर सगळं पांढरं.

तिने डावा डोळा काचेला लावला. मान इकडून तिकडे फिरवून पाहिली.

"अहो, यातले ढग कुठले आणि डोंगर कुठले?"

ते तिच्या खांद्यावरून वाकले. इतक्या वर्षांचं पाठांतर जिभेपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. 

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "मीपण पहिल्यांदाच बघतोय."

ती काचेपासून मागे सरकली.

"मग या इकडे. आधी तुम्ही नीट बघून घ्या."